अर्धशिशीवर ‘डिप्रेशनची गोळी’ का देतात?

मुक्ता_ना | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

विषय धाकट्या बहिणीचा आहे. वय ३१, नाशिकला शाळेत शिकवते. कॉलेजपासून अर्धशिशी आहे. आधी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही पाळीच्या आगेमागे. गेल्या वर्षभरात मात्र महिन्याचे आठ-नऊ दिवस जातात. उजवी बाजू ठणकते, उलट्या होतात, पडदे ओढून पडून राहावं लागतं. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा तिला सोसत नाही.

मागच्या महिन्यात न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक दुखायला लागलं की लगेच घ्यायची, सुमाट्रिप्टान. दुसरी रोज रात्री, अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. बाहेर पेशंटची रांग होती, ‘ही दोन-तीन महिने चालू ठेवा’ एवढंच ते म्हणाले. औषधाच्या दुकानात हिने सहज विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ही डिप्रेशनची गोळी आहे.’ झालं! घरी येऊन रडली. ‘ताई, इतकी वर्षं मला जे दुखतंय ते सगळं मनाचे खेळ आहेत असं त्यांना वाटतं.’ सहा गोळ्या घेतल्या आणि बंद केल्या.

मी वाचत बसले तर दोन्ही औषधांच्या माहितीत ‘सेरोटोनिन’ सापडलं. एक गोळी सेरोटोनिनसारखं काम करते, दुसरी सेरोटोनिन वाढवते, आणि अर्धशिशीचं एक जुनं औषध तर म्हणे सेरोटोनिनला अडवायचं. मग ते वाढायला हवं की कमी व्हायला? आणि तिला समजेल असं मी काय सांगू?

रानवाटा

रुमाल टाकून ठेवतो. बायकोला हाच त्रास आहे.

अण्णा_दौंडकर

आमच्या आईचं डोकं ऊन चढेल तसं चढायचं आणि दिवस कलला की उतरायचं. सुंठ उगाळून कपाळावर लेप आणि वर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली, हे रूप डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच अवस्थेत ती भाकऱ्या थापायची. तिला कुणी कधी गोळी आणून दिली नाही, पण ‘कामाच्या वेळेलाच हिचं डोकं दुखतं’ असं घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. शाळेत असताना मीही म्हटलंय. आता आई नाही. ते शब्द अजून टोचतात.

मुक्ताताई, सेरोटोनिनचं जाणकार सांगतील. बहिणीला आधी एवढंच सांगा, दुखणं खरं आहे.

चंद्रभागा_७

अण्णा, +१. डोळ्यात पाणी आलं.

निशिगंधा | रविवार, सकाळी ७:१५

मुक्ता, मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. स्वतः तीस वर्षं अर्धशिशी भोगली आहे, म्हणून लांब लिहिते. डोस वगैरे ठरवणं तिच्या डॉक्टरांचं काम, ते मी सांगणार नाही. गोळी का दिली ते सांगते.

तुझा प्रश्न अडलाय तो ‘वाढायला हवं की कमी’ इथे. सेरोटोनिन हा नुसता निरोप आहे. निरोपाचं पुढे काय होणार ते ऐकणाऱ्यावर असतं. ‘पाहुणे आलेत’ हा निरोप स्वयंपाकघरात पोचला की चहाचं आधण चढतं, आणि तोच अभ्यास करणाऱ्या पोराच्या खोलीत पोचला की पुस्तक मिटतं. सेरोटोनिनचा निरोप ऐकणाऱ्यांना रिसेप्टर म्हणतात. माणसात त्यांची सात घराणी आणि एकूण चौदा प्रकार आहेत. सेरोटोनिनचं रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टमिन, म्हणून हे रिसेप्टर ५-एचटी १, ५-एचटी २ असे ओळखले जातात.

अर्धशिशीत पहिलं घराणं फार महत्त्वाचं. त्यातला १बी मेंदूच्या आवरणांमधल्या रक्तवाहिन्यांवर असतो, १डी आणि १एफ ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवर. चेहरा, कपाळ, डोळा आणि मेंदूची आवरणं यांच्या वेदना मेंदूपर्यंत नेते ती हीच नस. अटॅकमध्ये तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं छोटं प्रथिन बाहेर पडतं, त्याने रक्तवाहिन्या फुलतात आणि नस आणखी चिडते. १बीला निरोप मिळाला की फुललेली वाहिनी आवळते, १डीला मिळाला की नस सीजीआरपी सोडायचं थांबवते. सुमाट्रिप्टान या दोघांना हाक मारतं. म्हणजे ते सेरोटोनिनची नक्कल करतं, पण मोजक्याच दारांवर.

दुसऱ्या घराण्याचं वागणं जवळजवळ उलट आहे. त्यातला २बी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात असतो. तो जागा झाला की नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी फुलते. एमसीपीपी नावाचं एक रसायन २बी आणि २सीला जागं करतं. ते दिल्यावर अर्धशिशीवाल्यांना काही तासांनी अटॅक आलेले प्रयोगांत नोंदवले आहेत. म्हणून अटॅक येऊच नये यासाठी दिलेली कितीतरी जुनी औषधं या दुसऱ्या घराण्याचे कान झाकणारी आहेत: मेथिसर्जाइड, पिझोटिफेन, सायप्रोहेप्टाडिन. यातलं शेवटचं तुम्ही घरात पाहिलं असेल. पोरांना भूक लागावी म्हणून देतात ते सिरप. लहान मुलांच्या अर्धशिशीतही ते वापरतात.

उलट्या करणारा तिसऱ्या घराण्यातला. ओंडान्सेट्रॉन त्याला गप्प करतं.

आता बघ, एकाच आजारात १बी आणि १डीला हाक मारायची, २बीचे कान झाकायचे आणि ५-एचटी ३चं तोंड बंद करायचं. यात ‘वाढवा’ किंवा ‘कमी करा’ बसतच नाही.

अमिट्रिप्टिलिनचं रात्री लिहिते. नातवाला शाळेच्या बसवर सोडायचंय.

रानवाटा

ताई, आज रविवार आहे :)

निशिगंधा

अरे हो की! मग आत्ताच लिहिते.

अमिट्रिप्टिलिन दोन गोष्टी करतं. नसांच्या टोकांतून बाहेर पडलेलं सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन (हाही असाच एक निरोप) परत आत ओढलं जाऊ देत नाही, त्यामुळे मेंदूच्या खोडातून पाठीच्या कण्याकडे वेदना दाबण्याचा जो निरोप जातो तो जोरकस होतो. शिवाय ते स्वतः २ए या रिसेप्टरवर बसून त्याचे कान झाकतं. अर्धशिशी टाळण्यात यातल्या कुठल्या कामाचा किती वाटा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोळी काम करते, आणि नैराश्य नसलेल्यांनाही करते, हे १९७० च्या दशकातल्या चाचण्यांतच दिसलं होतं.

मात्रेकडेही बघ. नैराश्यासाठी सहसा ७५ मिलिग्रॅम आणि वर जावं लागतं. तुझ्या बहिणीला १० दिलंय. मन उदास आहे म्हणून कुणी १० मिलिग्रॅम देत नाही. ही वेदनेसाठीची मात्रा आहे, हे तिला ठासून सांग.

सडेतोड

वाचून माहिती मिळाली, पण मला पटलेलं नाही. आधी आजाराला रसायनाचं नाव द्यायचं, मग त्यावर रोजची गोळी लावायची, ती बंद होऊ द्यायची नाही. सेरोटोनिन निसर्गात आहे. केळी, अक्रोड, टोमॅटो. रोज दोन केळी आणि रात्री कोमट दूध घेऊन बघा की. माझ्या मामेभावाची अर्धशिशी आहार बदलून गेली.

कोकणी_निवांत

माझी केळ्यांनीच सुरू होते :(

निशिगंधा

सडेतोड, केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे तो त्याला अडवतो. मेंदू आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतो. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन तर आतड्यात असतं, आणि रक्तातलं बहुतेक सगळं प्लेटलेटच्या पोटात.

मामेभावाला बरं वाटलं हे मी नाकारत नाही. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, भरपूर पाणी यांनी अटॅक कमी होतात, हे मी स्वतः अनुभवलंय. फक्त त्याचं श्रेय केळ्यातल्या सेरोटोनिनला देता येत नाही. आणि ही गोळी जन्माची नसते. अटॅक आटोक्यात आले की सहसा सहा महिने ते वर्षभराने डॉक्टर ती हळूहळू कमी करून बघतात.

सडेतोड

पडद्याचा मुद्दा मान्य. मग एक सांगा, सेरोटोनिनचा अर्धशिशीशी संबंध आहे हे मुळात ठरवलं कुणी? रक्तात मोजलं का कुणी?

ग्रंथकीटक | रविवार, दुपारी २:०५

सडेतोड, तुमच्या प्रश्नात एक सुरेख गोष्ट दडलेली आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्या परळला येतो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सेरोटोनिन १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी वेगळं काढलं. ते शोधत होते ते रक्तवाहिन्या आवळणारा, रक्तातला घटक. म्हणून ‘सीरम’ आणि ‘टोन’ मिळून सेरोटोनिन. मेंदूचा त्यात विचारच नव्हता. मेंदूत ते सापडलं बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेला, १९५३ च्या सुमारास.

पुढे इटलीत, फ्लॉरेन्सला, फेडेरिगो सिकुतेरी यांनी १९६१ मध्ये दाखवलं की अटॅकच्या वेळी लघवीत सेरोटोनिनचा चोथा (५-एचआयएए) वाढतो. त्यानंतर सिडनीच्या जेम्स लान्स आणि मायकेल अँथनी यांनी रक्त तपासलं, तर अटॅक सुरू होताना रक्तातलं सेरोटोनिन घसरलेलं. म्हणजे प्लेटलेटमधून ते बाहेर सांडतं आणि वाहून जातं. शिरेतून सेरोटोनिन दिलं तर अटॅक थांबायचा, पण मळमळ, धाप असे त्रास इतके की औषध म्हणून ते देणं अशक्य.

आता परळ. सेरोटोनिन रिकामं केलं तर काय होतं? ते करणारं औषध म्हणजे रेसर्पिन, आणि रेसर्पिन येतं आपल्या सर्पगंधेच्या मुळातून. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांच्या नोंदींसह छापलं आणि जगभर या मुळाची चर्चा सुरू झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं झालं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. हेच रेसर्पिन अर्धशिशीच्या रुग्णांना टोचलं की साठा रिकामा व्हायचा आणि त्यांना अटॅकसारखी डोकेदुखी व्हायची. रक्तदाबासाठी आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं मूळ, त्याने या कोड्याचा एक तुकडा जागेवर बसवला.

चंद्रभागा_७

दंडवत घ्या ग्रंथकीटक. आजोबा सर्पगंधेची गोळी घ्यायचे, डबी अजून आहे घरात. वाचनखूण साठवली.

सडेतोड

हे वकील प्रकरण माहीत नव्हतं. धन्यवाद. पण पन्नास-साठच्या दशकातली औषधं आज कुठे आहेत? मुक्ताताईंनी लिहिलेलं जुनं औषध का गेलं?

निशिगंधा

तो मेथिसर्जाइडचा इतिहास, आणि मला तो प्रत्येक बॅचला शिकवावासा वाटायचा. सिकुतेरींनीच १९५९ मध्ये ते अर्धशिशी टाळण्यासाठी वापरलं. गुण फार चांगला होता. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या पोटाच्या मागच्या भागात तंतूंचं जाळं वाढून मूत्रनलिका आवळल्या जायला लागल्या, काहींच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्या. मग नियम आला, सहा महिने घ्या आणि महिनाभर थांबा. हळूहळू वापर जवळजवळ संपला.

मेथिसर्जाइड स्वतः दुसऱ्या घराण्याचे कान झाकतं, पण यकृतात त्याचं मेथिलअर्गोमेट्रिन होतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जे इंजेक्शन देतात तेच हे. आणि ते उलट २बीला हाक मारतं. झडपांवर २बी असतातच. वजन उतरवण्याच्या गोळ्यांमधलं फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, त्यामागेही हाच २बी होता. तेव्हापासून कुठलंही नवं औषध आलं की ते २बीला जागं तर करत नाही ना, हे आधी तपासतात.

अण्णा_दौंडकर

निशिगंधाताई, अर्गोमेट्रिन म्हणजे आमच्या बाजरीवरचा अरगट तोच का? कणसं फुलोऱ्यात असताना पाऊस-ढगाळ हवा झाली की मधासारखा चिकट थेंब येतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट गाठ धरते. ती बाजरी खाल्ली की उलट्या आणि गुंगी. पेरणीआधी आम्ही २० टक्के मिठाच्या पाण्यात बी टाकतो, १० लिटरला २ किलो मीठ. अरगट आणि पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळायचे. खाली राहिलेलं बी दोन-तीन पाण्यांनी धुवून सावलीत वाळवायचं.

ग्रंथकीटक

अण्णा, भाऊबंद आहेत. युरोपातला अरगट राय नावाच्या धान्यावर येतो, तुमचा बाजरीवर. बुरशीची जात वेगळी, विषंही थोडी वेगळी. युरोपात त्या भाकरीने माणसांची बोटं झडायची, कारण रक्तवाहिन्या आवळून रक्तच पोचायचं नाही. त्याच बुरशीतून १९१८ मध्ये आर्थर स्टोल यांनी एर्गोटामिन वेगळं केलं आणि ते अर्धशिशीच्या अटॅकवरचं पहिलं नेमकं औषध ठरलं. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखवलं की ते दिल्यावर कानशिलाजवळच्या धमनीची उसळी कमी होते आणि त्याबरोबर वेदनाही.

ते काम सेरोटोनिनच्या रिसेप्टरांमार्फत होतं हे कळायला मात्र पुढची काही दशकं गेली. १९७२ पासून ग्लॅक्सोमध्ये पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच शोधायचं ठरवलं: सेरोटोनिनने अटॅक थांबतो, पण त्रास फार होतो, तर डोक्यातल्या वाहिन्यांवरचा नेमका रिसेप्टर कोणता? त्या शोधातून सुमाट्रिप्टान निघालं, १९९१ मध्ये बाजारात आलं.

अण्णा_दौंडकर

म्हणजे आम्ही जे जाळतो त्याच्या भावकीतून आईचं औषध निघत होतं.

पाऊलखुणा

मी रुग्ण, वय ४४, पुणे. अनुभव लिहिते, कारण टाळण्याच्या गोळ्यांबद्दल कुणी नीट सांगत नाही.

पहिली गोळी फ्लुनारिझिन. अटॅक कमी झाले पण चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि मन सतत खाली खाली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच बंद केली. म्हणाले, हा त्रास या गोळीचा होऊ शकतो, आधी सांगायला हवं होतं. नंतर प्रोप्रॅनोलॉल द्यायचं होतं, पण मला लहानपणी दमा होता म्हणून टाळलं. मग टोपिरामेट. बोटांना मुंग्या यायच्या, सोड्याची चव बेचव लागायची, आणि बोलताना शब्दच सापडायचा नाही. मी बँकेत काउंटरला आहे, ‘पासबुक’ हा शब्द आठवेना. शेवटी अमिट्रिप्टिलिन २५ वर स्थिरावले. तोंडाला कोरड पडते, सकाळी पंधरा मिनिटं जडपणा असतो. रात्री साडेआठला घेतली की जडपणा कमी होतो. महिन्याला बारा अटॅक होते, आता तीन.

पण पहिले पाच आठवडे काहीही फरक नव्हता. बहिणीने सहा गोळ्यांत निकाल लावला, तो फार लवकर.

मुक्ता_ना

पाऊलखुणा, हे वाचून दाखवलं तिला. गप्प बसून ऐकलं. ‘पाच आठवडे?’ एवढंच म्हणाली.

रानवाटा

बायको जवळजवळ रोज साधी वेदनाशामक गोळी घेते. तरी दुखतंच. हेही सेरोटोनिनमुळेच का?

निशिगंधा

रानवाटा, हे दुखणं गोळीचं असू शकतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (सुमाट्रिप्टान आणि त्याच्या जातीच्या गोळ्या) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर औषधानेच डोकेदुखी पक्की होते. नस आणि मेंदू वेदनेला जास्त हळवे होतात. गोळ्यांचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजा आणि घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मनाने एकदम बंद करू नका. आणि मुक्ता, अटॅक वारंवार येत असताना टाळण्याची गोळी देतात त्याचं हेही मोठं कारण आहे. आठ-नऊ दिवसांचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही.

सडेतोड

तर्काने एक प्रश्न. अमिट्रिप्टिलिन सेरोटोनिन वाढवून काम करत असेल तर नैराश्याच्या नव्या गोळ्या, फ्लुओक्सेटिन वगैरे, त्या फक्त सेरोटोनिनच वाढवतात ना? मग त्या का नाही दिल्या?

निशिगंधा

या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. देऊन पाहिल्या, आणि अर्धशिशी टाळण्यात त्यांचा ठोस उपयोग दिसला नाही. नुसतं सेरोटोनिन वाढवलं की चौदाच्या चौदा जणांना निरोप जातो, हाक द्यायची त्यांनाही आणि कान झाकायचे त्यांनाही. व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी नॉरअॅड्रेनॅलिनही वाढवतं, त्याचा उपयोग दिसलाय. मला तरी यातून एवढंच दिसतं की ‘अर्धशिशी म्हणजे सेरोटोनिनची कमतरता’ हे वाक्य अपुरं आहे. म्हणूनच ‘डिप्रेशनची गोळी’ हे नावही चुकीचं. नैराश्यावरची म्हणून ओळखली जाणारी कुठलीही गोळी इथे चालत नाही, काहीच चालतात.

सडेतोड

पटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादातला ‘रोजची गोळी लावायची’ हा सूर मागे घेतो. मुक्ताताई, बहिणीला माझ्यामुळे शंका आली असेल तर क्षमस्व.

सातासमुद्रापार | सोमवार

मी म्युनिकजवळ राहते. मला सीजीआरपीवरचं इंजेक्शन सुरू आहे, महिन्याला एक. या वर्गातलं पहिलं, एरेनुमॅब, २०१८ मध्ये आलं. ते सेरोटोनिनला हातच लावत नाही, नसेने सोडलेल्या सीजीआरपीचा रिसेप्टरच अडवतं. मला बद्धकोष्ठता सोडली तर त्रास नाही. पण इथेही आधी जुन्या गोळ्या करून बघाव्या लागल्या, मगच विम्याने मान्य केलं. मग रिसेप्टरचं हे सगळं जुनं झालं असं म्हणायचं का?

ग्रंथकीटक

नाही म्हणता येणार. सीजीआरपीवर लक्ष गेलं त्यात सुमाट्रिप्टानचाच हात आहे. १९९० च्या सुमारास गोड्सबी आणि एडविन्सन यांनी अटॅकमध्ये मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं पाहिलं, आणि सुमाट्रिप्टान दिल्यावर ते पूर्वपदावर आलं. सेरोटोनिनचं दार उघडलं, आत सीजीआरपी दिसलं. मेंदूच्या संशोधनासाठीचा २०२१ चा ब्रेन प्राइझ या दोघांना, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांच्यासह मिळाला.

आणि सेरोटोनिनची वाटही थांबलेली नाही. १बीमुळे हृदयाच्या वाहिन्याही थोड्या आवळतात, म्हणून हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना ट्रिप्टान देत नाहीत. त्यावर फक्त १एफला हाक मारणारं लास्मिडिटान आलं, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता. वाहिन्या आवळत नाही. मात्र गुंगी येते, घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही.

कोकणी_निवांत

अवांतर: संकष्टीच्या उपासाने कुणाला होतं का? आईचं ठरलेलं, चंद्रोदयाआधीच डोकं धरते. उदबत्ती लावली की आणखी. उपास सोड म्हटलं तर ऐकत नाही.

पाऊलखुणा

उपाशी राहणं हे माझंही हमखास कारण. आईंना सांगा, साबुदाण्याची वाट न बघता सकाळीच दूध, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे असं पोटात जाऊ द्या. माझ्या सासूबाईंनी असंच करून चतुर्थी चालू ठेवली.

निशिगंधा

दर वेळी खाल्लेल्या पदार्थावर दोष ढकलू नका मात्र. अटॅकच्या आदल्या दिवशी जांभया येणं, गोड खावंसं वाटणं, मान अवघडणं ही अटॅकची पहिली पायरी असू शकते. चॉकलेट खाल्लं म्हणून अटॅक आला असं वाटतं, खरं तर अटॅक सुरू झाला होता म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं असेल.

मुक्ता, तुझ्या बहिणीसाठी दोन गोष्टी. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते का ते तिला विचार. तशी दिसत असेल तर संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या टाळायच्या, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही अटॅक टाळण्याची औषधं गर्भाला घातक आहेत.

मुक्ता_ना

चमक नाही दिसत. बाळाचा विचार आहे, पुढच्या वर्षी. हे तिने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, आता सांगेल. आणखी एक भीती: सुमाट्रिप्टान आणि अमिट्रिप्टिलिन एकत्र घेतलं तर ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ होतो असं तिने वाचलंय.

निशिगंधा

२००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रिप्टान आणि नैराश्यावरच्या नव्या गोळ्या यांच्याबद्दल तसा इशारा दिला होता. नंतर मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर तो धोका फारच कमी निघाला. त्या सिंड्रोममध्ये मुख्यतः १ए आणि २ए गुंतलेले असतात, ट्रिप्टान बोलतं १बी आणि १डीशी. जोडी नेहमी दिली जाते. थरथर, खूप घाम, ताप, बेचैनी असं काही एकत्र झालं तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा, इतकं लक्षात ठेवू दे.

चंद्रभागा_७

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

मुक्ता_ना | नऊ आठवड्यांनी

धागा वर काढतेय, राग मानू नका.

ताई, तुमचा ‘पाहुणे आलेत’चा निरोप तिला इतका आवडला की तिने तो नववीच्या वर्गात चेतासंस्था शिकवताना वापरला. त्या धाग्यानंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून तिने गोळी पुन्हा सुरू केली. चौथ्या आठवड्यात पुन्हा सोडायला निघाली होती. मी पाऊलखुणांचा प्रतिसाद परत वाचून दाखवला, राहिली. या महिन्यात चार अटॅक. त्यातले दोन सुमाट्रिप्टानने दोन तासांत थांबले, लवकर घेतली म्हणून. पाळीतले दोन मात्र तसेच दांडगे. डॉक्टरांना बाळाचं सांगितलं, त्यांनी या वेळी वीस मिनिटं दिली. त्याआधी गोळी कमी कशी करायची तेही ठरलं.

अण्णा, तुमच्या आईचं तिला सांगितलं होतं. परवा म्हणाली, ‘त्या आजींना कुणी बरं हे समजावलं असतं.’

अण्णा_दौंडकर

पोरीला आशीर्वाद सांगा.

पाऊलखुणा

पाळीतल्या अटॅकची वेगळी वही कर म्हणावं. इस्ट्रोजेन उतरतं तेव्हाचे ते अटॅक हट्टी असतात, मला त्या चार-पाच दिवसांपुरती वेगळी गोळी दिली आहे. तारखा लिहिलेल्या असल्या की डॉक्टरांना ठरवता येतं. तीन महिन्यांच्या तारखा घेऊन जा.